बाप जिवंत असताना विहिरी अनाथ कशा?



आपल्या शेतात विहिरीला पाणी लागले तर आपण नारळ फोडतो. कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतात शेतकऱ्याच्या शेतात विहीर खणली जाते, तेव्हा नारळ फोडतो तो दुसराच. ती विहीर पाण्याची नसते, तेलाची नाहीतर गॅसची असते; आणि ती शेतकऱ्याची नसते, कंपनीची असते. तेल आटले की कंपनी निघून जाते आणि विहीर शेतात राहते. अशा विहिरींना तिकडच्या सरकारी भाषेत 'अनाथ विहिरी' म्हणतात. या एका शब्दात केवढी लबाडी भरली आहे ते आज पाहू.

'कॅनडा श्रीमंत देश, तिथल्या शेतकऱ्याचे रडगाणे आम्हाला कशाला?' असे कोणी विचारील. तर ऐका. आल्बर्टाचा दक्षिण भाग तुमच्या-आमच्या रानासारखाच कमी पावसाचा. गहू, जव आणि कॅनोला नावाची मोहरीच्या जातीची तेलबी ही तिथली पिके. शेते मोठी, यंत्रे मोठी, पण आभाळाकडे बघणे तेच. आणि जमिनीच्या पोटातल्या मालावर शेतकऱ्याचा हक्क नाही, हेही तेच.

वर शेतकरी, खाली सरकार

आल्बर्टातले सुमारे ८० टक्के खनिज हक्क सरकारच्या मालकीचे आहेत. शेतकऱ्याच्या नावावर असते ती फक्त वरची माती. सरकार खालचे तेल काढायचा परवाना कंपनीला देते. कंपनी शेतकऱ्याकडे करार घेऊन येते. शेतकऱ्याने सही केली तर ठीक. नाही केली तर कंपनी सरकारी मंडळाकडे जाते आणि शेतात घुसण्याचा हुकूम घेऊन येते. म्हणजे शेतकऱ्याला 'नाही' म्हणायची सोय कायद्याने ठेवलेलीच नाही. भाडे किती, एवढीच घासाघीस करायची.

१३ फेब्रुवारी १९४७ रोजी लेड्यूक गावाजवळ मोठे तेल लागले. तेव्हापासून त्या प्रांतात चार लाखांहून अधिक विहिरी खणल्या गेल्या. विहिरीसाठी काही एकर जागा जाते, तिथवर रस्ता जातो, आणि उरलेल्या शेतात पेरणीचे यंत्र त्या लोखंडाला वळसा घालत फिरते. तेलाबरोबर खारे पाणी वर येते. ते जिथे सांडले तिथे वर्षानुवर्षे पीक धरत नाही. चोपण जमीन म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

खरे ते बोलले पाहिजे. कंपनी चालू असेपर्यंत विहिरीमागे वर्षाला काही हजार डॉलर भाडे मिळते. दुष्काळात त्या भाड्याने अनेक घरे तगली. पोरांना तेलाच्या कामावर नोकऱ्या लागल्या. तेलाला शिव्या देणारा शेतकरी तिथे थोडाच. त्याचे म्हणणे साधे आहे: तुम्ही माझ्या शेतात जेवलात, आता उष्टे उचला.

उष्टे कोण उचलणार?

विहीर संपली की ती खालपासून सिमेंटने बुजवायची, वरचे लोखंड कापायचे, बिघडलेली माती काढायची, वरचा थर परत पसरायचा, पूर्वीसारखे पीक येते की नाही ते पाहायचे, आणि मग सरकारी दाखला घ्यायचा. कायद्याने हे सारे काम कंपनीचे. पण बंद पडलेली विहीर किती वर्षांत बुजवायची, याची मुदत कित्येक दशके कायद्यात नव्हती. मुदत नाही म्हटल्यावर कोण घाई करतो? विहिरी वीस-वीस, तीस-तीस वर्षे नुसत्या उभ्या राहिल्या.

मोठ्या कंपन्यांनी त्यावर युक्ती काढली. विहीर जोमात असेपर्यंत तेल आपण काढायचे. म्हातारी झाली की ती लहान कंपनीला नाममात्र किमतीत विकायची. तेलाबरोबर बुजवण्याचा बोजाही तिच्या गळ्यात जातो. लहान कंपनी उरलासुरला थेंब पिळते आणि एक दिवस दिवाळे काढते. सिक्वोया रिसोर्सेस नावाच्या कंपनीने अशाच जुन्या विहिरी गोळा केल्या आणि २०१८ मध्ये कामच बंद केले. हजारो विहिरी उघड्यावर पडल्या.

आता सांगा, या विहिरी अनाथ कशा? ज्याचे मायबाप मेले ते लेकरू अनाथ. ज्याचे मायबाप धडधाकट आहेत, शहरात बंगल्यात राहतात, आणि लेकरू दुसऱ्याच्या ओसरीवर टाकून गेले, त्याला अनाथ म्हणत नाहीत, टाकलेले म्हणतात. आणि टाकणाऱ्याला शोधून आणतात.

कोर्टात काय झाले

रेडवॉटर नावाची एक लहान तेल कंपनी २०१५ मध्ये बुडाली. तिच्या विहिरी ऐंशीच्या वर. त्यातल्या मोजक्याच तेल देणाऱ्या, बाकीच्या सगळ्या खर्चाच्या. कर्ज वसूल करायला नेमलेल्या माणसांनी सांगितले, चांगल्या विहिरी विकून बँकेचे पैसे फेडू, वाईट विहिरी आमच्या नाहीत. यातली गंमत अशी, की ती बँक खुद्द आल्बर्टा सरकारच्या मालकीची होती. आधीच्या दोन्ही कोर्टांनी बँकेच्या बाजूने निकाल दिला. शेवटी ३१ जानेवारी २०१९ रोजी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी तो फिरवला. दिवाळे निघाले म्हणून कायदा झुगारता येत नाही, कंपनीची जी मालमत्ता उरली असेल तिच्यातून आधी जमीन साफ करायची, मग बँकेने हात पुढे करायचा, असा निवाडा झाला.

निवाडा चांगला. पण तिजोरीत काही उरले असेल तर! आधीच पिळून घेतलेल्या कंपनीत उरते काय?

विहिरी खणताना सरकारने पुरेशी अनामत घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता. ती घेतली नाही. कंपनीची मालमत्ता कागदावर देण्यापेक्षा जास्त दिसली की अनामत माफ. कागदावरची मालमत्ता म्हणजे तेलाचा भाव चढा असतानाची. २०१४ मध्ये भाव कोसळला आणि कागद कागदच राहिला. साफसफाईचा एकूण खर्च ५,८०० कोटी डॉलर, असे नियामक संस्था लोकांना सांगत होती. २०१८ मध्ये त्याच संस्थेतल्या एका अधिकाऱ्याचे अंतर्गत टिपण पत्रकारांच्या हाती लागले. त्यात आकडा होता २६,००० कोटी डॉलर. संस्थेने खुलासा केला, की तो सर्वात वाईट परिस्थितीचा अंदाज आहे. असेल. पण मग तो शेतकऱ्यापासून लपवला कशाला?

मोकळ्या बाजाराचे भक्त

आता राजकारण पाहा. आल्बर्टात १९७१ ते २०१५ अशी ४४ वर्षे एकाच पक्षाचे राज्य होते, आणि तो पक्ष मोकळ्या बाजाराचा भक्त. सरकारने धंद्यात नाक खुपसू नये, हा त्यांचा मंत्र. पण खड्डे बुजवायची वेळ आली तेव्हा सगळ्याच पक्षांची सरकारे थैली घेऊन धावली. २०१७ मध्ये डाव्या म्हणवणाऱ्या प्रांत सरकारने अनाथ विहिरींच्या निधीला २३.५ कोटी डॉलर कर्ज दिले. एप्रिल २०२० मध्ये केंद्रातल्या ट्रुडो सरकारने जुन्या विहिरींसाठी १७० कोटी डॉलर जाहीर केले, त्यातले १०० कोटींपर्यंत एकट्या आल्बर्टाला. २०२३ मध्ये तर प्रांत सरकारने कमालच केली. ज्या कंपन्या आपल्याच जुन्या विहिरी बुजवतील त्यांना रॉयल्टीत सवलत द्यायची, अशी १० कोटी डॉलरची योजना पुढे आणली. मुख्यमंत्री डॅनियल स्मिथ पूर्वी उद्योगांच्या एका संघटनेच्या प्रमुख होत्या, तेव्हाही त्यांनी याच कल्पनेची वकिली केली होती. जे काम कायद्याने करायचेच आहे, ते केले म्हणून बक्षीस! स्कोशियाबँकेसारख्या मोठ्या बँकेच्या विश्लेषकांनाही हे पटले नाही. भांडवलशाहीच्या तत्त्वातसुद्धा हे बसत नाही, असे त्यांनी लिहिले.

नफ्याच्या वेळी मोकळा बाजार, आणि तोट्याच्या वेळी मायबाप सरकार! शेतकरी बुडाला तर 'बाजाराचा नियम' सांगणारे हेच लोक.

दरम्यान कित्येक कंपन्यांनी शेतकऱ्याचे भाडे थकवले. त्याने अर्ज करायचा, नोटिशीची वाट पाहायची, आणि शेवटी ते भाडे सरकारी तिजोरीतून घ्यायचे. म्हणजे स्वतःच भरलेल्या करातून. अलीकडे ही रक्कम वर्षाला कोटींत गेली आहे. ग्रामीण भागातल्या स्थानिक संस्थांचा २५ कोटी डॉलरहून अधिक कर तेल-गॅस कंपन्यांनी बुडवला. तो कर म्हणजे गावचा रस्ता, गावचा पूल. शेतकऱ्याने कर थकवला तर जमीन लिलावात जाते. कंपनीने थकवला तर तिच्याशी 'चर्चा' होते.

आपण काय शिकायचे

वणी-चंद्रपूर पट्ट्यातल्या भावांना हे दूरदेशीचे वाटणार नाही. कापूस-ज्वारीच्या शिवाराला लागून कोळशाच्या खाणी आहेत. १९५७ च्या कोळसा क्षेत्र कायद्याने जमीन घेताना तिथेही शेतकऱ्याला 'नाही' म्हणता आले नाही. कोळसा मंत्रालयाच्या २००९ च्या सूचनांप्रमाणे खाण शेवटी नीट बंद करण्याचा पैसा कंपनीने दरवर्षी वेगळ्या खात्यात ठेवायचा आहे. आपल्या शिवारालगतच्या खाणीच्या खात्यात आज किती रुपये आहेत, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारले? आल्बर्टाच्या शेतकऱ्याने पन्नास वर्षे विचारले नाही. भाडे येत होते, तोवर गरज वाटली नाही. विचारले तेव्हा डबा रिकामा होता.

म्हणून या बैठकीत गावोगावच्या कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी पक्क्या कराव्यात. जमिनीत हात घालणाऱ्याने साफसफाईचा पूर्ण खर्च आधी अनामत ठेवावा. कागदावरची मालमत्ता चालणार नाही. काम थांबल्यापासून जमीन परत करण्याची मुदत करारात आकड्यात लिहावी. आणि मालकी कितीही हातांतून गेली, तरी ज्याने पहिला फायदा खाल्ला त्याची जबाबदारी सुटू नये.

पाहुणा जेवून गेल्यावर पत्रावळीचा हिशेब मागता येत नाही. तो उंबऱ्यावर असतानाच मागायचा.

आधी अनामत, मग कुदळ!