नौकेची नोंद आहे, खलाशाची कुठे?

दहा वर्षांपूर्वी, म्हणजे २०१६ साली, रमजान जून-जुलैमध्ये आला होता. बंदरात तेव्हा पावसाळी मासेमारीबंदी होती. नौका किनाऱ्यावर ओढून ताडपत्र्यांखाली झाकलेल्या, जाळी शिवायला घेतलेली आणि माणसे घरात. रोजा साडेचौदा तासांचा असला तरी तो घराच्या सावलीत व्हायचा. तरावीहला मशीद भरलेली असायची, कारण समुद्रावर कोणी नसायचेच. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे सरकतो. सरकत सरकत तो आता फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन हंगामात येऊन पोहोचला आहे.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात या सरकण्याचा अर्थ सरळ आहे. महिना इबादतीचा आणि तोच महिना कमाईचा. सहेरीची वेळ संपण्याआधी इंजिन सुरू झालेले असते आणि इफ्तार अनेकदा जाळी ओढता ओढता पाण्याचा घोट आणि खजुरावर होते. शरियतने प्रवाशाला रोज्याची सवलत दिली आहे. चुकलेला रोजा नंतर भरून काढता येतो. तरीही अनेक जण समुद्रावर रोजा धरतात. मालक मुसलमान, तांडेल भंडारी किंवा खारवी आणि खलाशी नेपाळमधून किंवा कर्नाटकातून आलेले, ही सरमिसळ इथे नवी नाही. अशा नौकेवर एकाचा रोजा ही सगळ्यांच्या वेळापत्रकाची गोष्ट होते. एक जण तहानलेला असेल तर दोरखंड ओढण्याचे जड काम दुसरा अंगावर घेतो. नौकेवर माणसाचा जीव शेजारच्या माणसाच्या हातात असतो. तिथे धर्म विचारायला सवड नसते.

पण बंदराविषयी गेली दहा वर्षे जी चर्चा चालू आहे, तिच्यात हा शेजारचा माणूस क्वचितच दिसतो.

आधी नियम पाहू. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा अधिकार आणि त्यापलीकडे २०० नॉटिकल मैलांपर्यंत केंद्राचा. पर्ससीन जाळ्यांवरून पारंपरिक मच्छीमार आणि नौकामालक यांच्यात संघर्ष पेटल्यावर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे आणि पर्ससीनला ठरावीक क्षेत्रात फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुभा. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडीसारख्या कृत्रिम दिव्यांच्या प्रकाशात होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. २०२१ च्या दुरुस्तीने कारवाईचे अधिकार तहसीलदारांकडून मत्स्यव्यवसाय विभागाकडे आले आणि एलईडी मासेमारीचा दंड पाच लाखांपासून वीस लाखांपर्यंत गेला. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोन फिरू लागले. त्याच महिन्यात मिरकरवाडा बंदरावरची अनधिकृत बांधकामे हटवण्यात आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने खोल समुद्रातील मासेमारीसाठी नवे नियम आणले. त्यात यांत्रिक नौकांना ऑनलाइन प्रवेश-पास घ्यावा लागतो.

या नियमांमागची कारणे खरी आहेत. पर्ससीनचे जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि खालून दोरी आवळून बटव्यासारखे बंद होते. बांगडा आणि तारली थव्याने फिरणारे मासे. थवा एकदा वेढला की लहान-मोठे सगळेच येते. गिलनेट लावणाऱ्याला किंवा किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्याला मग मोकळ्या पाण्याशिवाय काही उरत नाही. त्याची तक्रार पोटाची आहे. दुसऱ्या बाजूला पर्ससीनमालकाचेही म्हणणे ऐकायला हवे. नौकेवर बँकेचे कर्ज, डिझेल आणि बर्फाचा वाढता खर्च, बंदराच्या मुखाशी साचणारा गाळ आणि बारा महिन्यांच्या हप्त्यासाठी चार महिन्यांचा हंगाम. दोन्हीकडे हिंदू आहेत, दोन्हीकडे मुसलमान आहेत. या भांडणाला धर्माचा रंग देणाऱ्यांनी मिरकरवाड्याच्या जेटीवर एक सकाळ काढावी.

मात्र हे सगळे नियम पुन्हा वाचले तर एक गोष्ट लक्षात येते. नौकेची लांबी, इंजिनाची ताकद, जाळ्याचा आस, क्षेत्र, महिना, परवाना, दंड हे सगळे मोजले गेले आहे. नौकेवरच्या माणसाचे मोजमाप त्या मानाने नगण्य आहे. तो किती तास जागा आहे, त्याच्या अंगात लाइफ जॅकेट आहे का, त्याला पोहता येते का, त्याचे पैसे कधी मिळणार आणि तो परत आला नाही तर कोणाला कळवायचे, हे विचारणारे कोणी नाही.

समुद्रात माणसे मोठ्या वादळानेच जातात असे नाही. दोरीत पाय अडकून जातात, विंचमध्ये हात जातो, पंख्यात अडकलेले जाळे सोडवायला उडी मारलेला वर येत नाही. अनेक छोट्या नौकांवर शौचालय नसते. रात्री माणूस नौकेच्या कडेला जातो, एक लाट येते आणि बाकीच्यांना पहाटे चहाच्या वेळी कळते की एक जण कमी आहे. यांतल्या बऱ्याच मृत्यूंना टाळण्यासाठी मोठे तंत्रज्ञान लागत नाही. कडेला कठडा, अंगात जॅकेट आणि रात्री जागा असलेला एक माणूस एवढे पुरते.

मग ते होत का नाही? याचे उत्तर खलाशाच्या पैशाच्या व्यवहारात दडलेले आहे. हंगामाच्या आधी खलाशाला उचल दिली जाते. ती फिटेपर्यंत तो नौकेला बांधलेला. मालकाचीही भीती खोटी नाही. उचल घेऊन खलाशी पळून गेल्याच्या तक्रारी दर हंगामात होतात. कमाईत मासळीचा वाटा असतो तिथे रिकामी फेरी म्हणजे रिकामा खिसा. त्यामुळे तीन नंबरचा बावटा लागण्याची चिन्हे असली तरी 'अजून एक फेरी मारून येऊ' असे म्हणणारा केवळ मालक नसतो, तांडेल आणि खलाशीही असतात. जोखीम सगळेच घेतात. बुडतो मात्र नौकेवर असलेला.

इथेच नियमन आणि सुरक्षा या दोन गोष्टी एकमेकींत गुंततात. बंदी असलेल्या क्षेत्रात किंवा बंदी असलेल्या महिन्यात जाणारी नौका गस्तीपासून लपते. ती दिवे मालवते, वायरलेसवर बोलणे टाळते, आपले ठिकाण सांगणारे यंत्र बंद ठेवते. गस्तीच्या नजरेतून सुटलेली नौका बचावाच्याही नजरेतून सुटते. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ आहे. पण आपण कुठे आहोत हे सांगायचीच ज्याला भीती वाटते, तो तिथे फोन कसा करणार? नियम मोडण्याची खरी किंमत म्हणून नेहमी दंडाचा आकडा सांगितला जातो. दंड मालक भरतो. लपण्याची किंमत खलाशी भरतो आणि ती लाखांत मोजता येत नाही.

या किनाऱ्याला हे नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले, तेव्हा रत्नागिरीच्या नौका समुद्रातच होत्या. कित्येक कुटुंबांतली माणसे परतली नाहीत. २०१७ च्या ओखी वादळात केरळ आणि तमिळनाडूच्या नौका भरकटत वर आल्या आणि त्यांतल्या अनेकांनी देवगड बंदरात आसरा घेतला. अनोळखी भाषा बोलणाऱ्या त्या माणसांना कोकणाने खाऊपिऊ घातले. त्यांच्या घरी मात्र ती माणसे जिवंत आहेत की नाहीत, हे कित्येक दिवस कळत नव्हते. कोणत्या नौकेवर कोण आहे, याची यादी नसली की वादळानंतरचा शोध दुप्पट कठीण होतो.

खरे तर यादीची सवय बंदरांना लागलेली आहे. २००८ मध्ये 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी नौका अतिरेक्यांनी पळवली, तिच्यावरचा तांडेल आणि खलाशी मारले गेले आणि त्या नौकेतून हल्लेखोर मुंबईजवळ पोहोचले. त्यानंतर मच्छीमारांना ओळखपत्रे आली, नौकांची नोंदणी कडक झाली, उतरण्याच्या ठिकाणी सुरक्षारक्षक वही घेऊन बसू लागले. ती वही देशाच्या सुरक्षेसाठी होती आणि ते योग्यच होते. पण 'कुबेर'वरचे पहिले बळी मच्छीमारच होते, हे विसरले गेले. कोण बाहेर गेला हे जी वही सांगते, तीच वही कोण परत आला नाही हेही सांगू शकते. रोज संध्याकाळी दोन्ही रकाने ताडून पाहणारा माणूस मात्र हवा.

साधनेही येत आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरच्या कार्यक्रमात देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेला सुरुवात झाली. इस्रोने विकसित केलेले हे यंत्र उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी संदेश पाठवते. मोबाइलची रेंज संपल्यावरही वादळाचा इशारा नौकेपर्यंत आणि नौकेची हाक किनाऱ्यापर्यंत पोहोचू शकते. मत्स्यसंपदा योजनेतील अपघात विम्यात मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी पाच लाख रुपये आहेत. पण विमा नोंद असलेल्या मच्छीमाराचा असतो. जो हंगामापुरता आला, ज्याचे नाव तांडेलच्या मोबाइलमध्ये फक्त टोपणनावाने आहे, त्याच्या घरी हे पैसे कोणी आणि कसे पोहोचवायचे? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २००७ मध्येच मासेमारी कामगारांसाठी स्वतंत्र करार केला. लेखी कामाचा करार, विश्रांतीचे तास, खलाशांची यादी किनाऱ्यावर ठेवणे या गोष्टी त्यात आहेत. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. पण यादी ठेवायला दिल्लीच्या सहीची वाट पाहावी लागत नाही.

हा विषय रमजानच्या पानावर का, असा प्रश्न पडू शकतो. इस्लाममध्ये कर्तव्यांचे दोन भाग सांगितले जातात. अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क, ज्याला हक्कुल इबाद म्हणतात. पहिल्यात कसूर झाली तर तौबा करून माफी मागता येते. दुसऱ्यातली माफी ज्याचा हक्क बुडाला त्याच्याकडेच मागावी लागते. मजुराची मजुरी थकवू नये, हे प्रत्येक रमजानमध्ये मशिदीत सांगितले जाते. याच महिन्यात बंदरातले अनेक मालक वर्षाचा हिशेब मांडून जकात काढतात. त्या हिशेबात एक जुना नियम आहे. आपल्याकडे काम करणाऱ्याचे थकलेले पैसे जकात म्हणून देता येत नाहीत. ते दान नाही, देणे आहे. त्याच न्यायाने नौकेवरचे लाइफ जॅकेटही मालकाची मेहेरबानी ठरत नाही. जो माणूस आपल्या भरवशावर समुद्रात गेला, तो परत येईपर्यंत अमानत आहे. हे समजायला मुसलमान असण्याची गरज नाही. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देणारा हेच मागत असतो, माणसे सुखरूप परत यावीत.

करण्यासारखे बरेच बंदराच्याच हातात आहे. डिझेलवरील कराचा परतावा मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत मिळतो. त्याच संस्थांनी डिझेल देताना नौकेवरच्या खलाशांची नावे, गाव आणि घरचा फोन लिहून घेतला तर एक वही तयार होते. जॅकेट नसलेल्या नौकेला बर्फ आणि डिझेल नाही, असा ठराव एका संस्थेने केला तर दुसरीला तो टाळणे जड जाईल. उचल लेखी, दोन प्रतींत आणि खलाशाला वाचता येईल अशा भाषेत असेल तर पळून जाण्याची आणि अडकवून ठेवण्याची, दोन्ही भीती कमी होतील. शासनानेही गस्तीच्या नौकेवर परवान्याबरोबर जॅकेट तपासावे आणि संकटात हाक मारणाऱ्या नौकेला आधी वाचवावे, दंडाचे मागाहून पाहावे. मुखातला गाळ वेळेत काढणे हेही सुरक्षेचेच काम आहे. वादळाच्या दिवशी घाईने आत येणारी नौका तिथेच आपटते.

ईदनंतर दोन-अडीच महिन्यांत, १ जूनला, मासेमारी पुन्हा बंद होईल. खलाशी आपापल्या गावी निघतील. काहींना रेल्वेने गोरखपूर गाठून पुढे सरहद्द ओलांडायची आहे. त्या दिवशी जेटीवर दोन हिशेब व्हायला हवेत. एक पैशाचा, ज्याचे त्याला चुकते करण्याचा. दुसरा माणसांचा. ऑगस्टमध्ये जितके आले होते, तितके परत चालले आहेत का, हे मोजण्याचा. पहिला हिशेब कमी-जास्त झाला तर पुढच्या हंगामात सावरता येतो. दुसऱ्याला पुढचा हंगाम नसतो.