हसायला विनोद लागत नाही

रात्रीचे अडीच वाजलेत. कुणाच्या तरी किटलीत मॅगी शिजतेय, कुणी जर्नल उतरवतोय, कुणी नुसताच मोबाइल बघत पडलाय. आणि मग ती ठरलेली घोषणा होते, "उद्यापासून नक्की!" मित्रांनो, आपल्या होस्टेलमध्ये सगळ्यात जास्त वापरला जाणारा शब्द कोणता असेल, तर तो 'उद्यापासून'. उद्यापासून लवकर उठायचं, उद्यापासून नाश्ता चुकवायचा नाही, उद्यापासून वडापाव बंद! हा 'उद्या' काही उजाडत नाही. उजाडलाच तर थेट पीएलमध्ये, आणि तेव्हा आपल्याला वेळ नसतो.

मीही त्यातलाच. गेल्या वर्षी ओरलच्या दिवशी लॅबच्या दारातच मला भोवळ आली. मित्रांनी जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी तीनच प्रश्न विचारले. झोपलास कधी? जेवलास कधी? पाणी किती प्यायलास? मला एकाचंही धड उत्तर देता येईना. "आजार काही नाहीये रे तुला," त्या म्हणाल्या, "पण असाच राहिलास तर होईल." ओरल हुकली ती हुकलीच. त्याहून वाईट वाटलं ते संध्याकाळी आईला फोनवर "मी मजेत आहे, तू काळजी करू नकोस" असं सांगताना.

कारण घरी मी असा नव्हतो. सहाला उठायचो, न्याहारी करूनच बाहेर पडायचो, दहाला झोपायचो. मला वाटायचं, आपल्याला चांगल्या सवयी आहेत. होस्टेलवर आलो आणि महिन्याभरात सगळ्या गळून पडल्या. तेव्हा कळलं, त्या माझ्या सवयी नव्हत्याच, आईच्या होत्या! ती हाक मारायची म्हणून मी उठायचो, ती वाढायची म्हणून वेळेवर जेवायचो. हाक बंद झाली आणि सवयही संपली. आपल्यातल्या बहुतेकांचं हेच झालंय. आपण मात्र स्वतःला आळशी म्हणवून मोकळे होतो.

दवाखान्यातून आल्यावर अर्थातच मी जंगी संकल्प केला. पहाटे पाचला उठायचं, पाच किलोमीटर पळायचं, तेलकट बंद, रात्रीचा चहा बंद. चौथ्या दिवशी नवे कोरे शूज पलंगाखाली गेले.

त्याच सुमारास एक गोष्ट वाचनात आली, आणि ती घडली होती आपल्या अंधेरीत, लोखंडवाला कॉम्प्लेक्समध्ये. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी तिथल्या बागेत पहिला हास्य क्लब सुरू केला. सकाळी सातच्या सुमारास जेमतेम पाच जण जमले. पद्धत साधी होती. एकेकाने मधे येऊन विनोद सांगायचा आणि सगळ्यांनी हसायचं. थोड्याच दिवसांत माणसं वाढली. पण दोनेक आठवड्यांत विनोदांचा साठा संपला. मग पांचट आणि टोचणारे विनोद सुरू झाले, तक्रारी आल्या, आणि क्लब बंद पडायची वेळ आली.

इथे डॉक्टरांनी जे केलं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी नवे विनोद शोधले नाहीत, विनोदच काढून टाकले! उद्यापासून कारणाशिवाय हसायचं. आधी उसनं हसा, एकाला बघून दुसरा खरा हसतो. पुढे त्यांच्या पत्नी माधुरी यांच्या योगाच्या अनुभवातून श्वसनाचे प्रकार त्यात आले. आज असे क्लब जगातल्या अनेक देशांत चालतात. हसण्याने कुठले रोग बरे होतात, हा वाद डॉक्टरांनी घालावा. माझा मुद्दा वेगळा आहे. जोवर तो क्लब 'हसण्यासारखं काही मिळण्या'वर अवलंबून होता, तोवर तो दोन आठवडे टिकला. जेव्हा तो जागा, वेळ आणि सोबत यांवर उभा राहिला, तेव्हा तो चालला.

आपले संकल्पही विनोदांवरच चालतात. एखादा जोशपूर्ण व्हिडिओ, एखादं भाषण, रिपोर्टमधला एखादा लाल आकडा. त्याने दोन दिवस अंगात वारं शिरतं, मग साठा संपतो. आपण इंजिनीअरिंगवाले! स्थिर वस्तू हलवायला जास्त जोर लागतो आणि एकदा सरकली की कमी, हे आपण फर्स्ट इयरलाच शिकलो. मग रोज सकाळी नव्याने तो पहिला जोर लावत बसायचं कशाला? सुरुवातच इतकी छोटी ठेवा की जोर लागूच नये.

म्हणून आम्ही चौघांनी एक साधी गोष्ट ठरवली. पावणेसातला होस्टेलच्या गेटपाशी यायचं. पळायचं नाही, नुसतं चालायचं. २५ मिनिटं चाला, खोलीवर येऊन एक ग्लास पाणी प्या आणि मेसमध्ये एकत्र नाश्ता करा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. २५ गुणिले सहा करा, हिशोब बरोबर बसतो आणि रविवारी सुट्टीही मिळते! जो येणार नाही त्याचं दार एकदा वाजवायचं, एकदाच. "का आला नाहीस?" हा प्रश्न विचारायचा नाही. आज आम्ही सात जण आहोत. गंमत म्हणजे पावणेसातला उठायचं म्हणून रात्रीही एकाच्या आत दिवा बंद होऊ लागला. त्यासाठी वेगळा संकल्प करावा लागला नाही.

कुणी म्हणेल, २१ दिवसांत सवय लागते, मग बघू. हा २१ चा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकापासून पसरला. त्यांनी लिहिलं होतं की बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटला किमान तीन आठवडे लागतात. सवयी लागण्याचं ते मोजमाप नव्हतंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. त्यात साधारण ६६ दिवसांचा अंदाज निघाला, पण कुणाला १८ दिवस तर कुणाला २५४! पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. सबमिशनच्या आठवड्यात आमचेही दोन-तीन दिवस बुडाले. पूर्वी मी म्हणालो असतो, "गेलं सगळं, आता पुढच्या सेमला बघू." या वेळी नुसतं परत गेटपाशी जाऊन उभा राहिलो.

आता थोडं सरांशी आणि मॅडमशी. रागावू नका, पण आमच्या जागरणात तुमचाही वाटा आहे. ऑनलाइन असाइनमेंटची मुदत रात्री ११:५९ ची असते. मग आम्ही साडेदहाला सुरू करतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तीच मुदत संध्याकाळी सहाची केली तर काम तेवढंच होईल आणि झोप मिळेल. रेक्टर सरांना विनंती, मेसचा नाश्ता अर्धा तास जास्त चालू ठेवा आणि प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याची सोय करा. तहान लागल्यावर चार जिने उतरायला लागत असतील तर पोरगं तसंच झोपतं. आम्हाला 'शिस्त लावा' असं सांगणारी व्याख्यानं खूप झाली. सवय उपदेशाने लागत नाही, सोयीने लागते. घरी आई उपदेशही करायची म्हणा, पण आधी ताट वाढायची.

सोय झाली म्हणून सगळं आपोआप होईल असंही नाही. पाणी आपल्यालाच प्यायचंय, दिवाही आपल्यालाच बंद करायचाय. पण एकट्याने लढायची ही गोष्ट नाही, एवढं मला त्या भोवळीने शिकवलं. शेजारच्या खोलीतला जो दोन दिवस मेसमध्ये दिसला नाही, त्याचं दार एकदा वाजवा. कदाचित तोही घरी "मी मजेत आहे" असं सांगत असेल.

तर मंडळी, उद्या सकाळी पावणेसातला, होस्टेलच्या गेटपाशी. शूज नसतील तर चपला चालतील. मूड नसला तरी चालेल. आम्ही सात जण आहोतच, आठवे तुम्ही या!