ऊब बियाण्याला द्या, शेडला नको

थंडीची लाट आली की निफाडचा पारा बातम्यांत झळकतो. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तो आकडा वाचून शहरातली माणसं स्वेटर काढतात. आमच्याकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात आणि आम्हा नर्सरीवाल्यांचे फोन वाजू लागतात. "ताई, कलिंगडाची रोपं कधी देता?" लागवड जानेवारीत, म्हणजे रोपं ऐन कडाक्यात तयार व्हायला हवीत. आणि कलिंगडाच्या बियाण्याला हवं असतं 25-30 अंश. 15 च्या खाली ते नुसतं भिजत पडतं आणि कुजतं.

यावर हल्ली उपाय काय, तर शेडमध्ये हॅलोजन नाहीतर रूम हीटर लावायचा. माझ्या मते हा पैशाचा धूर आहे. हीटरने हवा तापते, वर चढते आणि फटींतून निघून जाते. बी असतं खाली ओल्या कोकोपीटमध्ये, आणि ओल उडताना गारवा करते. साधा थर्मामीटर ट्रेच्या कप्प्यात खुपसून बघा, हवेपेक्षा पारा खालीच दिसेल. वरचा थर तेवढा सुकतो. मग कामावरच्या बायका पुन्हा पाणी मारतात, तेही रात्रभर गारठलेल्या टाकीतलं!

त्यापेक्षा मटकीला मोड आणतो तसं बी कोमट पाण्यात भिजवून फडक्यात बांधावं. मोड डोकावला की ट्रेमध्ये टोकावं. कोकोपीट इतपतच ओलं, की मुठीत दाबलं तरी थेंब गळू नये. मग ट्रे एकावर एक रचून, खाली बारदान घालून, सगळी थप्पी काळ्या प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळायची आणि बंद खोलीत ठेवायची. विजेचं बिल शून्य.

थप्पी मात्र रोज सकाळ-संध्याकाळ उघडून बघायची. वाकलेली पांढरी मान दोन-चार कप्प्यांत दिसली, की त्याच घटकेला ट्रे उजेडात मांडायचे. इथेच माणसं कचरतात. "बाहेर गारठा आहे, बाकीची उगवू द्या," म्हणत एक रात्र जास्त ठेवतात आणि सकाळी बोटभर लांब, लुळी रोपं हाती येतात. ती पुढे मातीत कोलमडतात. उगवलेल्या रोपाला उजेड आधी, ऊब नंतर. उन्हं कलायच्या आत, चारच्या सुमारास, शेडचे पडदे सोडले की दिवसाची ऊब बरीचशी आत राहते. सकाळी ते वेळेवर उघडायचे, नाहीतर प्लास्टिकवरचं दव रोपांवर ठिबकतं आणि मर लागते.

गिऱ्हाईकाला पटवणं अवघड. त्याला उंच रोप हवं असतं, आणि तेही तारखेला. मी कप्प्यातून रोप उपसून मुळांचा पांढरा गड्डा दाखवते, बुटकं खोड दाखवते. तरी कुणी कुरकुर करतोच. थंडी वाढली तर रोपं आठवडाभर उशिरा मिळतील, हे मी बुकिंगच्या वेळीच सांगते. ज्याला घाई आहे त्याने दुसरी नर्सरी बघावी.