स्क्रब टायफसचे बालरुग्ण आणि वैद्याचे कर्तव्य

श्रावण सरता सरता वर्धा जिल्ह्यातील बांधांवर गवत माजते आणि त्याच सुमारास चिकित्सालयांत ज्वराचे बालरुग्ण वाढू लागतात. त्यांतील काहींचा ज्वर 'स्क्रब टायफस'चा असू शकतो, याची जाणीव २०१८ साली विदर्भात झालेल्या उद्रेकाने व त्यातील मृत्यूंनी सर्वांस करून दिली. गवता-झुडपांत राहणाऱ्या सूक्ष्म माइटच्या अळीच्या दंशातून या रोगाचा जीवाणू शरीरात शिरतो. काखेत, जांघेत, कानामागे अथवा करदोड्याखाली न दुखणारी काळी खपली आढळल्यास तो महत्त्वाचा संकेत समजावा. मात्र ती प्रत्येक रुग्णात असतेच असे नाही.

हा ज्वर केवळ काढ्यांवर आटोक्यात आणू पाहणे आम्हांस मान्य नाही. विलंब झाल्यास फुफ्फुस, वृक्क व मस्तिष्क बाधित होतात. डॉक्सीसायक्लिन वेळीच मिळाल्यास ज्वर बहुधा दोन दिवसांत उतरतो. संशय येताच बालकास सेवाग्राम वा सावंगी येथील रुग्णालयात पाठविल्याने वैद्याच्या प्रतिष्ठेस मुळीच बाध येत नाही.

तथापि, रुग्ण पाठविल्याने आपले कर्तव्य संपत नाही. घरी परतलेली माता विश्वासाने आपणांसच विचारते, "गोळी गरम तर पडणार नाही? दात तर पिवळे होणार नाहीत?" अल्पकालीन डॉक्सीसायक्लिनने लहान मुलांच्या दातांवर डाग पडत नाहीत, असे आजचे ज्ञान सांगते. ते तिला निःसंदिग्ध शब्दांत सांगावे. ज्वर उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी गोळी बंद करू नये. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत या औषधाचा काल सात दिवसांचा आहे.

आपल्या औषधांविषयीही दक्षता हवी. शंखभस्म, प्रवाळ, कपर्दिक यांतील कॅल्शियम, तसेच लोह व मंडूर हे डॉक्सीसायक्लिनशी आतड्यात बद्ध होऊन त्याचे शोषण घटवितात. मळमळ होते म्हणून सहज दिलेला कामदुधा रससुद्धा याच कारणाने घातक ठरू शकतो. हे कल्प त्या सात दिवसांत टाळावेत, हे उत्तम. गोळी दुधासोबत देऊ नये. थोडे अन्न देऊन, भरपूर पाण्यासह, बालकास बसवून द्यावी व लगेच निजवू नये. उन्हातही फिरू देऊ नये.

पथ्याचे क्षेत्र मात्र आपलेच आहे. लाजमंड, पेया, मुगाचे यूष असा अग्नीनुसार क्रम, कोष्ण जल, विश्रांती आणि ज्वरमुक्तीनंतर बल येईपर्यंत गुरू आहाराचा निषेध, हे मातेस वैद्याइतके समजावून कोण सांगणार? प्रतिजैविक जीवाणूचा नाश करील. बालकाचा अग्नी व बल सांभाळण्याचे कार्य आपण करावे. या दोहोंत स्पर्धा मानणाऱ्या चिकित्सकाची किंमत बालकास मोजावी लागते, हे आपण विसरू नये.