‘अभेद्य’ हा शब्द आता पुरे

१/९
मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचे चित्रण करणाऱ्या रील्सवर एक शब्द हमखास असतो: ‘अभेद्य’. तोच शब्द पुढे खंदक, भूसुरुंग आणि रणगाड्यांच्या चर्चेतही शिरतो. तटबंदी एक तर अभेद्य, नाही तर निरुपयोगी! ही मांडणी चुकीची आहे, आणि घातकही. हा थ्रेड तिच्याविरुद्ध आहे.

२/९
२५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर ज्याची पायाभरणी झाली, तो सिंधुदुर्ग १७६५ मध्ये इंग्रजांनी घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले. पुढे तो कोल्हापूरकरांना परत मिळाला; १८१२ च्या तहाने पुन्हा इंग्रजांकडे गेला. शिवछत्रपतींचे कर्तृत्व एवढे तोकडे नाही, की त्यासाठी ही वर्षे लपवावी लागावीत.

३/९
तटबंदी दगडाची असो वा मातीची, तिचे काम एकच: शत्रूचा वेळ, दारूगोळा, यंत्रे आणि माणसे खर्ची पाडणे. त्या अवधीत आपली राखीव फौज हलली नाही, तर जगातील कोणताही तट अखेर पडतोच.

४/९
आधुनिक उदाहरण आपल्याच माणसांचे घेऊ. इटलीतील सेनिओ नदी. आपल्या खाडीकाठी खार जमिनीचे बांध असतात. त्यांहून कितीतरी उंच पूरबांध या नदीच्या दोन्ही तीरांवर आहेत. जर्मनांनी ते पोखरून आत मशीनगनची ठाणी केली, काटेरी तारा ओढल्या, भूसुरुंग पेरले.

५/९
९ एप्रिल १९४५. आधी ८०० हून अधिक अवजड बॉम्बफेकी विमाने. मग दुपारपासून संध्याकाळपर्यंत तोफखान्याचे पाच भडिमार. त्यानंतर ८ वी भारतीय डिव्हिजन पुढे सरकली. एवढे पोलाद ओतूनही बांधातल्या मशीनगन बोलतच होत्या.

६/९
१/५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव हे कंपनीचे रनर होते. सोबतचे सैनिक मारले गेले वा जखमी झाले. जाधवांनी दोन जखमींना नदीपार, भूसुरुंगांतून सुरक्षित नेले. मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी शांत केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपण ही कथा केवळ मर्दुमकी म्हणून सांगतो. बॉम्ब आणि तोफा जिथे अपुऱ्या पडल्या, ते काम एका शिपायाच्या अंगावर आले होते. तो बांध वगळून केलेले गुणगान त्यांचा पराक्रम लहान करते.

७/९
मग जर्मन हरले का? इंधन तुटपुंजे, आकाश शत्रूचे, आणि गमावलेली सामग्री भरून येत नव्हती. २ मे रोजी इटलीतील त्यांची शरणागती अमलात आली. झीज दोन्ही बाजूंची झाली. ती भरून काढण्याची ताकद एकाच बाजूकडे उरली होती.

८/९
सप्टेंबर १९६५, खेमकरण परिसरातील असल उत्तर. आपल्या सैन्याने मागे सरून घोड्याच्या नालेसारखी मोर्चेबांधणी केली आणि रात्री शेतांत पाणी सोडले. पाकिस्तानी पॅटन चिखलात रुतले आणि टिपले गेले. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटनसमोर छायाचित्र काढणाऱ्यांना ९७ हा भारतीय आकडा पाठ असतो. ते पाणी मात्र कोणाला आठवत नाही. मागे सरणे हीसुद्धा तिथे युद्धनीती होती, हे तर आपण उच्चारतही नाही.

९/९
सैन्यभरतीसाठी पहाटे धावणारी आपल्या जिल्ह्यातील मुले हेच रील्स पाहतात. त्यांना विशेषणे नकोत, हिशेब द्या. प्रत्येक लढाईला तीन प्रश्न विचारा: शत्रूला किती काळ अडवले? त्यात कोणाचे काय खर्ची पडले? आणि ते कोण भरून काढू शकत होते? मतभेद असल्यास जरूर मांडा, मात्र पुराव्यासह.