हरणाला सातबारा कळत नाही

गेल्या शनिवारी गावी, पिंपळीला गेलो होतो. चहा पिता पिता चुलतभाऊ म्हणाला, "माळावर आहे तोवर हरीण वनखात्याचं, बांध ओलांडून माझ्या हरभऱ्यात आलं की माझं!" सगळे हसले. मीही हसलो. तिथेच चुकलं.

कोलोरॅडोतला माझा जुना टीममेट धनुष्यबाण घेऊन सरकारी जंगलात एल्क मारायला जातो. रीतसर परवाना काढून. जखमी एल्क कुंपणापलीकडे पडला तर मालकाला विचारल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. आपल्याकडे ही भानगडच नाही. चिंकारा १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. जमीन सरकारी असो की बापजाद्यांची, शिकार केली तर कमीत कमी ३ वर्षं कैद. तिथे बांध कोण विचारतो?

सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटर. हरणं बाहेर पडणारच ना राव! पिकाचं नुकसान खरं आहे, भाऊचा वैतागही खरा. मग भरपाईसाठी वनखात्याशी भांडा. फासे कशाला? आणि "वाटा ठेव रे" म्हणणारे आपणच, पुण्याहून वीकेंडला येणारे पाहुणे.

सोमवारी सुट्टी टाकली आहे. भाऊला घेऊन अर्ज द्यायला जातोय.