लिंबोणी आणि अप्रेझल

‘मूळ गाव केडगाव’ असं सांगितलं, की पुण्यातल्या चर्चमधलं कुणीतरी हमखास विचारतं, ‘अरे वा, मुक्ती मिशनजवळ का?’ नाही हो! ते केडगाव दौंड तालुक्यातलं, रेल्वे स्टेशनवालं. आमचं नगरचं, पुणे रोडवरचं, रेणुकामातेच्या देवळाचं. (नगरचं २०२४मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडातून ‘नगर’ काही जात नाही.)

गंमत म्हणजे त्या केडगावची सुरुवातही बागेनेच झाली. पंडिता रमाबाईंनी १८८९मध्ये काढलेल्या शारदा सदनाला अमेरिकेतून दहा वर्षांपुरतीच मदत मिळणार होती. पुढचा खर्च निघावा म्हणून बाईंनी तिथे शंभरेक एकर जमीन घेतली आणि फळबाग लावायला घेतली. चक्क दहा वर्षांचं प्लॅनिंग! बाग मोठी व्हायच्या आत १८९६-९७चा दुष्काळ आला, आणि त्या जमिनीवर शेकडो अनाथ मुली आणि विधवा राहायला आल्या. लावलं एक, वाढलं भलतंच.

आमच्या अंगणात मात्र काहीच वाढत नव्हतं. म्हणजे कागदी लिंबाचं झाड होतं, आजीने बी टाकून लावलेलं, सात वर्षांचं. काटे भरपूर, पानं हिरवीगार, लिंबू एकही नाही. पप्पांना गाडी घ्यायचीय आणि पार्किंगला नेमकी तेवढीच जागा. नाताळच्या सुट्टीत त्यांनी जाहीर केलं, ‘जानेवारीत तोडू.’

आजीने लगेच लूकचा तेरावा अध्याय काढला. द्राक्षमळ्यातल्या अंजिराचा दाखला. मालक तीन वर्षं फळ शोधतोय, मिळत नाही, म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं एक वर्ष राहू द्या. मी भोवती खणतो, खत घालतो.

हा दाखला मला संडे स्कूलपासून पाठ. पण त्या दिवशी तो ऐकताना जरा चुळबुळ झाली, कारण माझ्या लॅपटॉपमध्ये एक फॉर्म अर्धवट पडला होता. टीममधल्या एका ट्रेनीचं अप्रेझल. दीड वर्ष झालं, काम धड होत नाही. मॅनेजरचं म्हणणं स्पष्ट होतं, ‘लेट हिम गो.’ सही माझी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी पप्पांचे श्रीगोंद्याचे मित्र आले. त्यांची लिंबाची बाग आहे. झाडाकडे बघून म्हणाले, ‘पाणी कोण घालतं?’ आजी अभिमानाने म्हणाली, ‘मीच. रोज.’

‘मग ते कशाला फुलेल? ताण द्या त्याला.’

ताण! आमच्या ऑफिसात हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो, पण बागायतदाराचा ताण वेगळा. पाणी तोडायचं. पानं मलूल व्हायला लागली, थोडी गळाली, की थांबायचं. मग आळं खणून शेणखत घालायचं आणि पाणी हळूहळू वाढवायचं. डिसेंबरात ताण दिला तर जानेवारी-फेब्रुवारीत फुलं येतात, तो आंबे बहार. ताण जास्त झाला तर झाड वाळतं. आमच्याकडे पहिला अर्धा भाग सगळ्या बॉसना उत्तम जमतो. खत-पाण्याचं कुणी नाव काढत नाही.

पण मला खरा चटका बसला तो ‘रोज’ या शब्दाने. त्या ट्रेनीची प्रत्येक चूक दीड वर्ष मीच रात्री बसून दुरुस्त करत होते. मला वाटायचं, ही सहनशीलता. त्याला एक काम पूर्णपणे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदाही पडू दिलं नव्हतं. तो फळणार कुठून?

फॉर्मवर मी सहा महिने मुदतवाढ लिहिली. आता एक छोटं मॉड्यूल फक्त त्याचं. रोज अर्धा तास मी शेजारी बसते, कीबोर्डला हात लावत नाही. (हे भयंकर अवघड आहे. हात शिवशिवतात.) मागच्या आठवड्यात क्लायंटसमोर त्याचा डेमो बंद पडला. तो पांढराफटक झाला, पण मी मध्ये पडले नाही. रात्री नऊपर्यंत थांबून त्याने स्वतः चूक शोधली.

मॅनेजरने विचारलं, ‘आणि सहा महिन्यांनी?’ मी म्हटलं, ‘नाही झालं तर सही करीन.’ हे कठोर वाटेल, पण दाखल्यातला माळीही तेच म्हणतो. एक वर्ष मागतो, आणि नाहीच फळलं तर तोडा, हेही म्हणतो. पुढे त्या अंजिराचं काय झालं, ते लूकने लिहिलेलंच नाही.

परवा आजीचा फोन आला. ताण संपून तीन आठवडे झालेत. फांद्यांच्या टोकांना जांभळट काहीतरी फुटलंय म्हणे. ‘पालवी की कळ्या?’ मी विचारलं.

‘चष्मा लावूनही कळत नाही गं,’ आजी म्हणाली. ‘लावलं मी, खत घातलं तुझ्या पप्पाने. वाढवणारा कोण, ते पौलाने सांगून ठेवलंय. तू शनिवारी ये आणि बघ.’